कीपरला विचारा

काशा, गेल्या आठवड्यात तुझ्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल जे काही बोलले ते ऐकून तू उठून बाहेरच गेला असतास. मागच्या दाराशी चपला शोधत उभा राहिला असतास आणि मला लांबून खूण केली असतीस, चल रे, चहा पिऊ. एका वक्त्यानं तुला प्रामाणिकपणाचा दीपस्तंभ म्हटलं. दुसऱ्यानं त्याच्यावर कडी केली आणि चौकात तुझा पुतळा बसवा अशी मागणी केली. तिसरे गृहस्थ शेवटपर्यंत तुला बॅट्समन समजत होते. तुझी बॅटिंग पाहिलेले आम्ही चार-पाच जण मागच्या रांगेत बसलो होतो, आम्हाला तिथंही हसू आलं. माफ कर.

मग 'काशिनाथरावांचे जुने मित्र आणि एके काळचे नाशिकचे फिरकी गोलंदाज' म्हणून मला उठवलं. माईक हातात आला आणि मला सुचेना. तोंडाशी आला तो आपला तोच प्रश्न, आणि शोकसभेत तो विचारणं बरं दिसलं नसतं. कसंबसं काहीतरी पुटपुटलो आणि खाली बसलो. म्हणून आता घरी बसून हे लिहितोय. तू वाचणार नाहीस हे माहीत आहे. जिवंत असतानाही तू पेपरचं खेळाचं पान तेवढं वाचायचास, तेही उभ्या उभ्या.

पेपरांनी तुला 'माजी कसोटी यष्टिरक्षक' म्हटलं आहे. हा शब्द आपल्या मैदानावर कुणी उच्चारला असता तर पोरं त्याच्याकडे बघत राहिली असती. तू कीपर होतास. आणि कीपर व्हायच्या आधी कोबी झेलायचास.

आठवतंय? मी गणपतीसाठी फुलं आणायला सायकलवरून मखमलाबादला तुमच्या मळ्यात आलो होतो. तू टेम्पोत उभा होतास. खालून तुझे वडील कोबीचे गड्डे एकामागून एक वर फेकत होते आणि तू ते झेलून रचत होतास. त्यात नवल काही नाही, सगळ्या मळ्यांत असाच टेम्पो भरतात. पण तू त्याच वेळी बांधावरच्या कुणाशी तरी बैलाच्या आजारपणाबद्दल बोलत होतास आणि गड्डा हातात आल्याचा आवाजच येत नव्हता. हात जरा मागे जायचे आणि कोबी त्यात येऊन निजायचा. मी फुलं विसरलो. आमच्या टीमचा कीपर नुकताच पुण्याला शिकायला निघून गेला होता.

"रविवारी पंचवटीत खेळायला येशील?" मी विचारलं.

"काय करायचं असतं?"

"हेच. फक्त कोबी लाल असतो."

"लाल कोबी मी कधी पाह्यला नाय," तू म्हणालास आणि पुढचा गड्डा झेललास.

तू आलास. पायात स्लीपर, अंगात वडिलांचा बनियन. मी डावखुरा फिरकी टाकायचो आणि तोवर मला माझ्या बोलिंगचा फार अभिमान होता, कारण ती कुणालाच कळायची नाही, बॅट्समनलाही नाही आणि कीपरलाही नाही. पहिल्या रविवारी तू निम्मे चेंडू छातीवर घेतलेस. दुसऱ्या रविवारी एकही नाही. तिसऱ्या रविवारी ओव्हर संपल्यावर तू माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "दत्ता, तुझा जो सरळ जातो ना, तो टाकताना तू जीभ बाहेर काढतो. आत ठेव." माझ्या आईलाही हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी तुझा झालो, आणि मनातून तुझ्यावर थोडा चिडूनही राहिलो.

स्टंपांमागून तुझी बडबड चालू असायची. "याला लय घाई हे, दत्ता, याला उंच दे." "आज याची बायको माहेरी गेली वाटतं, नीट जेवला नाय." बॅट्समन हसायचा, पुढं यायचा, आणि वळून बघेपर्यंत तू स्टंप उडवलेले असायचे. मी टाकायचो ते तुला ऐकू यायचं असं मला वाटायचं. पुढं बाहेरगावच्या स्पर्धांत मी दुसऱ्या दोन-तीन कीपरांना बोलिंग टाकली. चांगले होते बिचारे. पण त्यांना टाकताना कुलूप लावलेल्या दाराशी बोलल्यासारखं व्हायचं.

आपल्या मैदानाची ती पद्धत बाहेरच्या माणसाला सांगायची तर आधी आप्पा सांगायला हवेत. निवृत्त शिक्षक, पिचवर अंथरायची चटई आणि ती ठोकायचे खिळे यांच्या घरात, म्हणून क्लबही यांचाच. रविवारच्या मॅचला पंच म्हणून बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघं उभे राहायचे. आपल्याच माणसाला आउट देणारा पंच कुठून आणायचा? दर रविवारी भांडण. एकदा तर खिळे हातात घेऊन दोन्ही टीम एकमेकांवर धावल्या. तेव्हा आप्पांनी नियम केला. खाली झेललेला कॅच आणि बारीक कट, या दोन गोष्टींत पंचानं समोरच्या टीमच्या कीपरला विचारायचं. कीपर म्हणेल ते खरं.

"आणि तो खोटं बोलला तर?" कुणीतरी विचारलं.

"बोलू दे," आप्पा म्हणाले. "त्याच्याइतकं जवळून कुणी बघत नाही. खोटं बोलायचं तर त्याला सगळ्या मैदानासमोर बोलावं लागेल, आणि पुढच्या रविवारी पुन्हा इथंच यावं लागेल."

बाकीचे कीपर पुढच्या रविवारची फार काळजी करत नसत. तू आल्यावर मात्र त्या नियमाला अर्थ आला. अपील झालं की समोरची टीम पंचाकडे बघायचीच नाही, तुझ्याकडे बघायची. "कीपरला विचारा," एवढं कुणीतरी म्हणायचं, तू मान हलवायचास, इकडे किंवा तिकडे, आणि खेळ पुढं जायचा. यात तुझं काही मोठेपण आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. तू होतासच तसा. फुलबाजारात बसलास तरी गिऱ्हाइकाला सांगायचास, "ही शेवंती कालची हे मावशी, तिकडच्या गाळ्यावरून घ्या." तुझे वडील कपाळावर हात मारून घ्यायचे.

आता त्या मॅचकडे येतो. किती टाळलं तरी यायलाच हवं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आंतरजिल्हा सामना, आपल्याच गावात, आणि मांडवात राज्याच्या निवड समितीतले एक साहेब येऊन बसलेले. आपण दोघंही जिल्ह्याकडून. सकाळपासून माझा हात असा चालला होता की मलाच भीती वाटत होती. चार गेले होते, त्यातले तिघे तुझ्या हातून. मग त्यांचा तो मोठा बॅट्समन आला, ज्याला बघायलाच खरं तर साहेब आले होते. मी त्याला दोन चेंडू बाहेर नेले आणि तिसरा सरळ. जीभ आत ठेवून. त्याची बॅट लागली, चेंडू खाली गेला, तू गुडघ्यांवरून पुढं झुकलास, ग्लोव्हज मॅटला टेकले आणि चेंडू तुझ्या हातात होता. मी उड्या मारत तुझ्याकडे धावत आलो. सगळी टीम धावत आली.

पंच आपल्या नाशिकचेच, आप्पांच्या नियमावर वाढलेले. रीतसर सामन्यात त्यांनी तसं विचारायची काही गरज नव्हती. पण सवय. ते ओरडले, "काशिनाथ, काय रे?"

तू हातातल्या चेंडूकडे बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. आणि म्हणालास, "टप्पा पडला, सर."

तो बॅट्समन त्यानंतर संध्याकाळपर्यंत खेळला. मला त्यानं कुठं कुठं मारलं ते तू जवळून बघितलंस. राज्याच्या संघाची नावं आली त्यात तुझं होतं, त्याचं होतं, माझं नव्हतं. साहेब म्हणे म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण मार पडला की कोसळतो. ते माझ्याबद्दलचं एवढंच वाक्य, आणि त्यावर माझं क्रिकेट संपलं. त्यानंतर मला कुणी बघायला आलं नाही.

त्या संध्याकाळी तू आमच्या घरी आलास. मी बाहेर आलो नाही. आईनं तुला ओट्यावर चहा दिला, तू तो सावकाश प्यालास, कपबशी विसळून ठेवलीस आणि गेलास. पुढच्या रविवारी मी बोलिंगला आलो तेव्हा तू स्टंपांमागे होतास. आता दुसऱ्या कुणाला टाकणार होतो मी? ओव्हर संपल्यावर विचारलं, "खरं सांग. पडला होता?"

"पडला होता."

"माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. सरळ हातात गेला."

"तुझे डोळे बावीस पावलं लांब होते," तू म्हणालास. "पडला होता, दत्ता."

इथून तो प्रश्न सुरू झाला. लग्नांत, मयतांत, मैदानावर, टपरीवर, एकदा तर दवाखान्यात तुला भूल चढत असताना मी तो विचारला. म्हटलं, औषधाच्या अमलात खरं बोलशील. तू तसाच म्हणालास, पडला होता. डॉक्टरांना वाटलं, पेशंट पडण्याबद्दल बोलतोय.

तू राज्याकडून खेळलास आणि दोन-तीन वर्षांत देशाकडून. मला मत्सर वाटला का? वाटला. पण त्याहून जास्त काय वाटलं ते तुला कधी सांगितलं नाही. टीव्हीवर तू वाकून बसलास की मला तुझ्या पाठीचा कणा ओळखू यायचा. बाकीचे बॉल बघायचे, मी तुझे हात बघायचो, ते तसेच मागे जायचे. तुझी मिरवणूक निघाली तेव्हा तुझ्याच मळ्यातला झेंडू ट्रॅक्टरला बांधला होता आणि तुझे वडील शेवटपर्यंत कुरकुरत होते की दसरा तोंडावर असताना एवढा माल कुणी उधळतं का. ट्रॅक्टर मी चालवत होतो. तू मागे उभा राहून लोकांना नमस्कार करत होतास आणि मधूनच माझ्या कानाशी वाकून म्हणत होतास, "हळू घे रे, पडंन मी." तुझ्या त्या मुलाखती! इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला तू हिंदीत सुरुवात करायचास आणि मखमलाबादला येऊन थांबायचास.

मग तो परदेशातला कसोटी सामना. सकाळची वेळ होती. तुमच्या घरी सगळे फुलं तोडायचं सोडून टीव्हीपुढं बसले होते. तुझे वडील खाटेवर, सुमनवहिनी दाराशी, भिंतीला टेकून मी. त्यांचा मुख्य बॅट्समन, आपला वेगवान बोलर, बारीक कड, आणि चेंडू खाली. तू उजवीकडे झेपावलास आणि हात गवतात गेले. बोलर दोन्ही हात वर करून धावत सुटला, स्लिपवाले नाचायला लागले. पंच जागचा हलला नाही. त्यानं तुझ्याकडे बघितलं. विचारलं काही नाही. नुसतं बघितलं.

आणि तू मान हलवलीस. नाही.

मी भिंतीपासून उठून ओरडलो, "अरे, ही पंचवटी नाही!" तुझ्या वडिलांनी मला विचारलं, "आउट व्हता ना रे?" मी म्हटलं, काका, असेल किंवा नसेल, पण हा कशाला बोलला? त्याला कुणी विचारलं होतं? टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं, त्यात काही कळत नव्हतं, गवत आणि ग्लोव्हज एवढंच. वहिनी आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

तो माणूस त्यानंतर दोन दिवस खेळला आणि सामना गेला. बोलरनं म्हणे परतीच्या विमानात तुझ्या शेजारी बसायला नकार दिला. पुढच्या संघात दुसरा कीपर होता, आणि त्याच्या पुढच्याही. मान हलवली म्हणून काढलं असं कुणी म्हणालं नाही. बॅटिंग कमी पडते म्हणाले, आणि तुझी बॅटिंग बघता त्यावर भांडायला आम्हाला तोंड नव्हतं. तुझ्या कसोट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या, आणि तुझी बोटंही धड नव्हती.

तू परत आलास आणि जणू काही मुंबईच्या बाजारात फुलं घालून आलायस अशा थाटात रविवारी मैदानावर हजर झालास. आप्पा तोवर थकले होते. खिळे तू ठोकायला लागलास. मी निफाडला बँकेत, रोज जाऊन येऊन. रविवार तेवढा आपला. पोरांना शिकवताना तू बोलायचास कमी आणि कोबी फेकायचास जास्त. मळ्यातून पोतं भरून आणायचास आणि ज्याच्या हातून गड्डा फुटेल त्यानं तो घरी न्यायचा. पंचवटीतल्या कितीतरी आया त्या वर्षी कोबीला कंटाळल्या.

परदेशातल्या त्या कॅचबद्दल मी विचारलं की तू एकच सांगायचास. "मान हलली रे. पंचानं बघितलं आणि मान हलली." मला ते पटलं. इतकी वर्षं अपील झालं की सगळे तुझ्याकडे बघणार आणि तू मान हलवणार, त्या सवयीनंच तुझा घात केला. तिथल्या पंचानं नुसतं बघितलं आणि तू नाशिकसारखा उत्तर देऊन बसलास. अशी चूक जगात फक्त आपल्याच मैदानावरचा कीपर करू शकतो, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. तुलाही ते बरं वाटायचं. कुणी तुला थोर म्हणायला लागलं की तू माझ्याकडे बोट दाखवायचास, "त्याला विचारा. सवय हे ती."

एकदा मात्र ते जड गेलं. गावानं तुझा सत्कार ठेवला होता, शाल, श्रीफळ, मोठे पाहुणे. पाहुणे म्हणाले, ज्यानं देशाच्या सामन्यातही सत्य सोडलं नाही. मला काय झालं कोण जाणे, मी खालूनच मोठ्यानं म्हणालो, "सवय होती हो ती! सत्य-बित्य काही नाही. आणि इथं माझ्या वेळी तर सत्यही नव्हतं." तू माझ्याकडे बघितलंस, अगदी त्या मॅचमध्ये बघितलं होतंस तसं. त्यानंतर दोन महिने तू मैदानावर माझ्याशी बोलला नाहीस. बडबड बंद. मला कुणाला उंच द्यायचा तेही कळेना, पोरासोरांनी मला धुतलं.

मग एके दिवशी निफाडला बँकेत भर बाजाराची गर्दी होती. खिडकीवर मान खाली घालून काम करत होतो. रांग पुढं सरकली आणि ओळखीचा आवाज आला.

"पडला होता टप्पा. चल, चहा पिऊ."

तू रांगेत उभा राहून आला होतास. तुझ्या मागे एक म्हातारी होती, ती म्हणाली, "कोन पडलं रं बाबा?" त्यावर आपण दोघंही इतके हसलो की मॅनेजर केबिनबाहेर आले. बँकेत टेस्ट कीपर आलाय म्हटल्यावर त्यांनी आपला चहाही आत मागवला. आपण काहीच मिटवलं नाही त्या दिवशी. मिटलं मात्र.

तुझी बोटं मी शेवटी शेवटी पाहू शकत नव्हतो. दोन वाकत नव्हती, एक सरळ होत नव्हतं. शेवंतीचं फूल चिमटीत धरता यायचं नाही तुला, तळव्यात घेऊन तोडायचास. तरी तोडायचास. त्या सकाळीही तेच करत होतास. वहिनी दुसऱ्या सरीत होत्या. त्यांनी हाक मारली, तू ओ दिली नाहीस, इतकंच. तुला मोठे दवाखाने दाखवायचा वेळच तू कुणाला दिला नाहीस. मला फोन आला तेव्हा मी एसटीच्या रांगेत होतो. निफाडची गाडी समोर लागली, मी तिच्यातून उतरणाऱ्या माणसांकडे नुसता बघत राहिलो. रागच आला तुझा. अजून आहे. असं मध्येच उठून कुणी जातं का रे?

परवा दहाव्याला रामकुंडावर सगळे जमलो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, समाधानी माणूस, मागे काही राहिलं नाही. मला ते मुळीच आवडलं नाही. तुझं नसेल राहिलं. माझा प्रश्न तसाच होता.

परत येऊन घरी सगळे पांगल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. वहिनींनी चहा आणून दिला आणि समोर टेकल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, त्या मानेनं घात केला त्याचा. नाहीतर आणखी कितीतरी वर्षं खेळला असता."

"मान अशी आपोआप हालती व्हय, भाऊ?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, सवय होती.

"सवय कशाची? तुम्हाला ठाव नाय का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मला वाटलं व्हतं, त्यांनी सांगितलं आसंल कधीतरी. तुम्ही नुसतं चेष्टेवारी नेता म्हणून मी गप बसायचे." आणि मग त्यांनी सांगितलं. त्या सामन्यानंतर तू शेजाऱ्यांकडे फोन केला होतास. वहिनींनी पहिलं हेच विचारलं होतं, का केलं असं? तू म्हणालास, "पडला होता टप्पा. दत्ताच्या टायमाला मी नाही म्हणलो. त्यात त्याचं सगळं गेलं. आता माझं जाईल म्हणून इथं हो म्हणलो, तर घरी येऊन त्याच्यासमोर बसू कसा?" आणि वर म्हणालास, त्याला सांगू नको, त्याला वाटंल मी उपकार केले.

मी कप खाली ठेवला.

"मला तुमचा लय राग यायचा," वहिनी म्हणाल्या. चांदवडकडची माणसं, मनातलं तोंडावर बोलतात. "दर रविवारी यायचे, हितंच बसायचे, आन् पुन्हा तेच, पडला व्हता का, पडला व्हता का. मनात म्हनायचे, ह्या मान्सापायी माझ्या नवऱ्याचं गेलं आन् हा अजून इचारतोय. लय वर्षं तुमच्या चहात साखर कमी टाकली मी." मग त्या रडल्या, मीही रडलो. वर्षानुवर्षं तुझ्या घरी मी अगोड चहा प्यालो आणि मला वाटायचं, तुमच्याकडे असाच पितात.

काशा, तू मला सांगायला हवं होतंस. मी गहजब केला असता हे खरं. ओरडलो असतो की तुला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी हे करायला. भांडलो असतो, पुन्हा दोन महिने बोललो नसतो, पुन्हा तुला निफाडला रांगेत उभं राहावं लागलं असतं. पण सांगायला हवं होतंस. एवढं ओझं तू एकट्यानं वाहिलंस आणि मी तुझ्याच ओट्यावर बसून तुझीच टिंगल करत होतो.

दोन रात्री विचार करतोय. समजा तू त्या दिवशी तिथं 'आउट' म्हणाला असतास. पुढं दहा वर्षं खेळला असतास, बंगला बांधला असतास, आम्ही पुन्हा ट्रॅक्टर सजवला असता आणि मी सगळ्यांत पुढं नाचलो असतो. मनापासून नाचलो असतो, शपथेवर सांगतो. फक्त माझ्या त्या कॅचबद्दल मी तुला पुन्हा कधी विचारलं नसतं. विचारून उपयोग काय? तू काहीही म्हणाला असतास तरी मी विश्वास ठेवला नसता.

आता ठेवतो. पडला होता टप्पा, काशा. मान्य. हे तुझ्या तोंडावर म्हणायला मला आणखी एक रविवार मिळायला हवा होता.